कातळशिल्पांच्या छायाचित्रांतील लेयर व मास्क
रत्नागिरी जिल्ह्यातील कशेळी येथे जांभ्याच्या सड्यावर हत्तीचे कातळशिल्प आहे. अशा शिल्पांच्या रेषा भर दुपारच्या छायाचित्रात पुसट दिसतात. त्या स्पष्ट करण्यासाठी, फोटोशॉपमध्ये १९९४ पासून असलेली लेयरची सोय उपयुक्त ठरते. मूळ लेयरची प्रत करून तिला ‘मल्टिप्लाय’ ही मिश्रणपद्धती दिल्यास ० ते २५५ या श्रेणीतील १२८ चे मूल्य ६४ होते, २५५ मात्र तसेच राहते; परिणामी खाचांतील सावली गडद होते. मास्कचा पांढरा भाग हा परिणाम दाखवितो, काळा लपवितो, करडा अंशतः दाखवितो. तथापि आपणांस जाणवलेल्या रेषांपुरताच मास्क रंगविल्यास संशोधकाचा तर्कच पुरावा ठरण्याचा धोका संभवतो. म्हणून संपूर्ण कातळावर परिणाम समान ठेवावा, मास्कने केवळ आकाश व गवत वगळावे आणि मूळ छायाचित्र अबाधित जतन करावे.