पडद्याखालची नको ती पालवी

दाराची सरळ चौकट मध्येच वाकलेली दिसते. वर्तमानपत्रातली ओळ लाटेसारखी होते. साठी ओलांडलेली माणसं ‘नंबर वाढला असेल’ म्हणून चष्मा बदलून पाहतात. पण अशा वेळी दोष चष्म्याचा नसून डोळ्याच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, असू शकतो.

पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा इवलासा भाग असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं ही बारीक कामं त्याच्या जोरावर चालतात. उतारवयात काहींच्या या भागाखाली नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असतात. त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं, पडदा सुजतो आणि उपचार न झाल्यास कायमचा व्रण उरतो.

पडदाच एखादं रसायन सोडून नव्या वाहिन्यांना बोलावत असावा, असा तर्क आयझॅक मायकेलसन यांनी 1948 मध्ये मांडला होता. नापोलिओने फेरारा यांनी 1989 मध्ये व्हीईजीएफ हे प्रथिन वेगळं केलं आणि त्या तर्कातल्या रसायनाला पुढे नाव मिळालं. कर्करोगाची गाठही याच प्रथिनाच्या मदतीने आपल्याकडे रक्त ओढते. म्हणून त्याला अडवणारं बेव्हासिझुमॅब 2004 मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झालं. त्याचंच भावंड असलेलं रॅनिबिझुमॅब 2006 मध्ये डोळ्यासाठी आलं. तोवरचे उपचार फार तर ऱ्हास लांबवत. या औषधाच्या चाचणीत वर्षभरात सुमारे एक तृतीयांश रुग्ण तक्त्यावरच्या तीन ओळी जास्त वाचू लागले. कर्करोगाचं औषध कितीतरी स्वस्त, म्हणून तेही डोळ्यात वापरलं जाऊ लागलं. 2011 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दोघांनी नजर सारखीच राखल्याचं दिसलं.

‘डोळ्यात सुई’ ऐकूनच अंगावर काटा येतो. प्रत्यक्षात भुलीचे थेंब घालतात, डोळा जंतुनाशकाने स्वच्छ करतात आणि बुबुळाच्या बाजूच्या पांढऱ्या भागातून औषध सोडतात. तेही साधारण 0.05 मिलिलिटर. काम काही सेकंदांचं. नंतर डोळा दुखू लागला, लाली वाढली किंवा नजर मंदावली, तर मात्र जंतुसंसर्गाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

औषधाचा असर काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून इंजेक्शनं पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. बरं वाटतंय म्हणून तारीख चुकवली, की वाहिन्या पुन्हा झिरपू शकतात. आणि मेलेल्या पेशी कोणतंही औषध परत आणत नाही.

दोन्ही डोळे उघडे असताना एकाचा दोष दुसरा झाकतो. म्हणून घरातल्या ज्येष्ठांना आजच एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहायला सांगा. ती वाकडी दिसली, तर चष्म्याच्या दुकानात नव्हे, रेटिनातज्ज्ञाकडे घेऊन जा, आणि उशीर करू नका.