हिस्टामीन असहिष्णुता आणि कॉफी

हिस्टामीन असहिष्णुता म्हणजे आहारातून आलेल्या हिस्टामीनचे शरीरात पुरेसे विघटन न झाल्यामुळे त्रास उद्भवण्याची अवस्था होय. ती नेहमीच्या अर्थाने ॲलर्जी नव्हे. या अवस्थेत कॉफी वर्ज्य करावी, असा सल्ला अनेकदा दिला जातो. मात्र त्याचा शास्त्रीय आधार मर्यादित आहे.

पार्श्वभूमी

हिस्टामीन हे हिस्टिडीन या अमिनो आम्लापासून तयार होते. त्याच्या शरीरावरील परिणामांचे वर्णन हेन्री डेल व पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० साली केले. आहारातील हिस्टामीनचे विघटन मुख्यतः लहान आतड्याच्या अस्तरातील डायअमाइन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) करते. ते अपुरे पडल्यास डोकेदुखी, चेहरा लाल होणे, नाक वाहणे, खाज, जुलाब किंवा छातीत धडधड अशी लक्षणे दिसू शकतात.

कॉफीचा संबंध

मुरवलेले चीज, रेड वाइन किंवा नीट न साठवलेले मासे यांच्या तुलनेत कॉफीत हिस्टामीन नगण्य असते. कॉफी उपरोक्त विकराला अडथळा करते, असे म्हटले जाते; परंतु मानवांत हे ठोसपणे सिद्ध झालेले नाही. कॅफीनचे विघटन मुख्यतः यकृतात, वेगळ्या विकराद्वारे होते.

तरीही कॉफीनंतर होणारा त्रास खोटा ठरत नाही. कॅफीनमुळे धडधड व अस्वस्थता वाढते, तर कॉफीमुळे जठरातील आम्ल व आतड्यांची हालचाल वाढू शकते. दुधाच्या कॉफीत दुग्धशर्करा न पचणे हेही कारण असू शकते. ही लक्षणे हिस्टामीनच्या त्रासासारखीच भासतात.

निदान व दक्षता

या अवस्थेसाठी सर्वमान्य रक्तचाचणी उपलब्ध नाही. आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली काही आठवडे संशयित पदार्थ वगळून ते एकेक करून पुन्हा सुरू करणे, ही प्रचलित पद्धत आहे. नियमित कॉफी अचानक सोडल्यास १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होऊन काही दिवस टिकू शकते. ती हिस्टामीनची समजली गेल्यास निष्कर्ष चुकतो. म्हणून कॉफीचे प्रमाण हळूहळू कमी करणे इष्ट. पुढे काळी कॉफी, दुधाची कॉफी व कॅफीनविरहित कॉफी स्वतंत्रपणे पिऊन पाहिल्यास कारण ओळखणे सोपे जाते.

घसा सुजणे, श्वास घेण्यास त्रास होणे किंवा शुद्ध हरपणे ही तीव्र ॲलर्जीची चिन्हे असू शकतात. अशा वेळी आहाराचे प्रयोग न करता तातडीने वैद्यकीय उपचार घेणे आवश्यक असते.