मालमोटारीचा रेचक

रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेली एस. टी. साखरपा मागे टाकून आंबा घाटाला लागली, की बहुधा एखाद्या भरलेल्या ट्रकच्या मागे अडकते. ट्रक खालच्या गिअरवर कण्हत असतो, मागून काळा धूर सोडीत असतो, आणि खिडकीशी बसलेली मंडळी नाकाला पदर किंवा रुमाल लावतात. पण त्या धुराला नावे ठेवण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे.

डिझेल इंजिनाचे काम थेट प्राणायामासारखे चालते. आधी पूरक : इंजिन हवा आत ओढते. मग कुंभक : ती हवा इतकी दाबली जाते, की डिझेलची फवारणी होताच ते ठिणगीवाचून पेट घेते. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली हे यंत्र चालवून दाखविले. शेवटी रेचक, म्हणजे जळलेला वायू बाहेर टाकणे. (वाचकांनी येथे एरंडेल आठवू नये!) रेचक नीट झाला नाही, तर पुढचा पूरक अपुरा पडतो. चढावर ड्रायव्हर डिझेल वाढवितो, पण हवा तेवढी नसते. मग अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी बाहेर पडते. काळा धूर हे ताकदीचे लक्षण नव्हे. ते पैसे मोजून घेतलेले आणि वाया गेलेले डिझेल आहे.

यावर एक नामी तोड निघाली. इंधनाच्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा धुराबरोबर निघून जातो. त्या धुराकडूनच एक चक्र फिरवून घ्यावे आणि त्याच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. हाच आजचा टर्बो.

आता गॅरेजमधला सल्ला पाहा. "मालक, सायलेन्सर काढा, मोठी नळी टाका, पंप वाढवा, ट्रेलर पिसासारखा ओढील!" यात अर्धे सत्य आहे. टर्बोच्या पुढची वाट चोंदलेली असेल, तर ती मोकळी केल्याने चक्र हलके फिरते आणि इंजिनाचा ताप उतरतो. पण कारखान्याची नळी इंजिनाचे माप पाहूनच बसविलेली असते. ती धड असेल, तर कापून हाती फारसे लागत नाही. नुसता आवाज वाढतो, आणि आवाजालाच आपण ताकद समजतो. शिवाय हवा न वाढविता डिझेल वाढविले, तर धुराचे तपमान सहाशे अंशांपलीकडे जाऊ शकते. पिस्टन असतो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि ॲल्युमिनियम वितळते ६६० अंशांना! लांब चढावर पिस्टन जळतात ते असे.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या ट्रकांत तर धुराच्या वाटेवर काजळी अडविणारी गाळणी आणि विषारी वायू निवविणारे युरियाचे पाणी आले आहे. तेथे कुणी मोडतोड केली, तर इंजिनाचा संगणकच ताकद आखडून घेतो. कायद्यालाही हे चालत नाही : १९८९ च्या नियमांनुसार प्रत्येक मोटारीला सायलेन्सर हवाच.

परंतु घाटाची खरी परीक्षा चढावर नसते, उतारावर असते. अनेक जड वाहनांच्या धुराच्या नळीत एक झडप असते. ड्रायव्हरने ती मिटली, की धूर अडतो, इंजिन गुदमरते आणि चाकांना मागे खेचते. हा एक्झॉस्ट ब्रेक होय. त्यामुळे चाकांचे ब्रेक तापून निकामी होत नाहीत. मात्र गाडी गिअरमध्ये असली तरच तो लागू पडतो. चार पैशांचे डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा ड्रायव्हर हा आधार आपल्या हाताने तोडतो, आणि वळणावर समोरून आपली एस. टी. येत असते.

म्हणून ज्याला ओझे ओढावयाचे आहे, त्याने हवेची जाळी स्वच्छ ठेवावी, टर्बोच्या नळ्यांची गळती पाहावी, गाडीच्या कुवतीपेक्षा जास्त माल भरू नये, आणि उताराला लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. एवढ्याने घाट चढतो. आणि मुख्य म्हणजे सुखरूप उतरतोही.