स्काइप बंद झालं, पण तुमचं गिऱ्हाईक तुमच्याकडे राहिलं का?



५ मे २०२५ ला स्काइप कायमचं बंद झालं. तुमच्यापैकी अनेकांना ते जाणवलंही नसेल. व्हॉट्सॲप आल्यापासून स्काइप उघडत होतं कोण? पण ज्यांचं गिऱ्हाईक परदेशात आहे अशा लोकांना जाणवलं. ऑनलाइन तबला शिकवणारे, पत्रिका बघणारे, अमेरिकेतल्या मुलांना मराठी शिकवणाऱ्या ताई, अशा कितीतरी जणांच्या व्हिजिटिंग कार्डावर वर्षानुवर्षं स्काइप आयडी छापलेला होता. तो आयडी म्हणजे त्यांच्या धंद्याचा पत्ता. कंपनीने २८ फेब्रुवारीला जाहीर केलं आणि सव्वादोन महिन्यांत दुकान आवरलं. चॅट आणि कॉन्टॅक्ट मायक्रोसॉफ्टच्याच टीम्समध्ये न्यायची सोय दिली होती, हे खरं. पण तुम्ही टीम्सवर गेलात म्हणून तुमचं गिऱ्हाईकही येईल असं थोडंच आहे!

हा विषय मी ट्रेनिंगमध्ये काढला की एक प्रश्न ठरलेला असतो: "ताई, व्हॉट्सॲप आहे की, मग हे नवीन कशाला?" व्हॉट्सॲप सोडा असं मी कुणालाच सांगत नाही. माझ्या पडद्यांच्या दुकानाच्या निम्म्या ऑर्डरी तिथूनच येतात. पण तेही एकाच कंपनीच्या मालकीचं आहे. तुमचं खातं चालू ठेवायचं की बंद, नियम कधी बदलायचे, कशाचे पैसे लावायचे, हे सगळं ती ठरवणार. भाड्याच्या गाळ्यात धंदा करायला हरकत नाही, फक्त गाळा भाड्याचा आहे हे लक्षात ठेवायचं आणि दुसरी जागा बघून ठेवायची. ती दुसरी जागा म्हणजे ओपन सोर्स कॉलिंग.

इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की गोंधळ होतो. आपल्याकडे सोय आहे, फुकट आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द आहेत. स्काइप फुकट होतं, मुक्त नव्हतं. ते आतून कसं चालतं ते फक्त कंपनीला माहीत. ओपन सोर्समध्ये सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसाठी उघडा असतो. टेलरिंगवाल्यांना लगेच कळेल. कटिंगचा कागद तुमच्या हातात असेल तर एक टेलर दुकान बंद करून गावी गेला तरी दुसऱ्याकडून तोच ब्लाउज शिवून घेता येतो. कागदच टेलरकडे असेल तर परत शून्यापासून मापं द्या.

याचं एक छान उदाहरण आहे. स्काइप सुरू झालं २००३ मध्ये. त्याच वर्षी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग विद्यापीठात एमिल इव्होव्ह नावाच्या विद्यार्थ्याने कॉलिंगचंच एक सॉफ्टवेअर प्रोजेक्ट म्हणून करायला घेतलं. पुढे त्याचं नाव झालं जित्सी. आता दोघांची कुंडली बघा. स्काइप २००५ मध्ये ईबेने घेतलं, २००९ मध्ये मोठा हिस्सा गुंतवणूकदारांच्या गटाकडे गेला, २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेआठ अब्ज डॉलर मोजून विकत घेतलं. जित्सीच्या मागची कंपनीही विकली गेली: २०१५ मध्ये ॲटलासियनकडे, मग २०१८ मध्ये जित्सी एट बाय एट या कंपनीकडे आलं. म्हणजे मालक दोघांचेही बदलले. पण स्काइपच्या शेवटच्या मालकाने कुलूप लावलं आणि विषय संपला. जित्सीच्या मालकाने उद्या कंटाळून हात वर केले तरी कोड बाहेर आहे, जगभर कितीतरी संस्थांनी तो आपापल्या सर्व्हरवर बसवलेला आहे, ते चालूच राहतील.

आता कामाचं. गिऱ्हाईकाशी बोलायला माझी पहिली पसंती जित्सी मीटलाच आहे, कारण समोरच्याला खातं काढावं लागत नाही. तुम्ही लिंक पाठवायची, त्याने कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये उघडायची, बस. मोबाइलवर ॲप घ्या म्हणून विचारतं, पण ब्राउझरमधूनही जाता येतं. तुम्हाला मात्र, म्हणजे मीटिंग सुरू करणाऱ्याला, ऑगस्ट २०२३ पासून त्यांच्या मोफत सर्व्हरवर गूगल, फेसबुक किंवा गिटहबच्या खात्याने लॉगिन करावं लागतं. लोक फार गैरवापर करायला लागले म्हणून हा नियम आला. काहींना तो आवडला नाही. मला चालतो. ज्यांना नको आहे त्यांना स्वतःचा सर्व्हर करायची मुभा आहेच.

दुकानात आमचं असं चालतं: पुण्यातलं गिऱ्हाईक साताऱ्यातल्या आईवडिलांच्या घरासाठी पडदे घेतं. मुलगा पुण्यातून, आईवडील घरातून, मी दुकानातून, तिघंही एका लिंकवर. काका खिडकीवर मोबाइल धरतात, मला पेल्मेट दिसतो, रॉड आहे की नुसते ब्रॅकेट ते दिसतं, टेप कुठून कुठे धरायची ते मी सांगते. मग कापड दाखवते. इथे एक सांगून ठेवते, कापड दुकानातल्या ट्यूबखाली दाखवू नका, दारातल्या उजेडात न्या. नाहीतर मोरपंखी रंग निळा दिसतो आणि माल परत येतो. शेवटी स्क्रीन शेअर करून हिशोब दाखवायचा. तो शेअर करताना बँकेचं ॲप आणि इतर गिऱ्हाइकांच्या चॅट बंद करून ठेवायच्या, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

मीटिंगचं नाव ठेवताना 'पडदे' किंवा 'मीटिंग' असलं साधं नाव ठेवू नका. या सर्व्हरवर नाव म्हणजेच खोली. तेच नाव दुसऱ्या कुणी टाकलं तर तो थेट तुमच्या खोलीत. चार-पाच शब्दांचं विचित्र नाव घ्या, पासवर्ड लावा, नाहीतर लॉबी चालू करा, म्हणजे तुम्ही परवानगी दिल्याशिवाय कुणी आत येणार नाही. रेंज कमी असलेल्या गावात व्हिडिओचा दर्जा उतरवायची सोय सेटिंगमध्ये आहे, अगदीच नाही जमलं तर फक्त आवाजावर बोला. दोघांचाच कॉल असेल आणि नेटवर्कने साथ दिली तर जित्सी दोन फोन थेट एकमेकांना जोडतं, तिसरा माणूस आला की मग सगळं सर्व्हरवरून फिरतं. त्यामुळे तिसरा आल्यावर कॉल अडखळायला लागला तर आधी राउटरला शिव्या देऊ नका.

एक गोष्ट मात्र पाळाच. अनोळखी गिऱ्हाईकाला एकदम लिंक पाठवू नका. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली लोकांना व्हिडिओ कॉलवर बसवून लुटणाऱ्या टोळ्यांनी स्काइपचा भरपूर वापर केला होता. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे केंद्राने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने हजाराहून जास्त स्काइप आयडी बंद केल्याचं २०२४ मध्ये सरकारने सांगितलं. लोक घाबरलेले आहेत आणि बरोबर घाबरलेले आहेत. आधी साधा फोन करा, वेळ ठरवा, मग लिंक.

घरच्या टीमसाठी, भागीदारासाठी, सीएशी बोलायला सिग्नल वापरा. हे एका ना-नफा संस्थेचं आहे, आणि गंमत म्हणजे व्हॉट्सॲपच्या चॅटला जे कुलूप आहे ते सिग्नलच्याच तंत्रावर बनलेलं आहे. खातं काढायला फोन नंबर लागतो, पण २०२४ पासून युजरनेम ठेवता येतं, म्हणजे समोरच्याला नंबर न देता बोलता येतं. बायकांनी चालवलेल्या धंद्यांना याचा किती उपयोग आहे ते मी सांगायला नको. रात्री अकराला 'मॅडम, रेट काय' विचारणारे सगळे गिऱ्हाईक नसतात. अडचण एकच, समोरच्यालाही सिग्नल घ्यावं लागतं. आणि एक बारीक मुद्दा: सिग्नलचा कोड उघडा असला तरी सेवा ती एकच संस्था चालवते. म्हणजे जित्सीसारखा आपला सर्व्हर टाकून त्यांच्या लोकांशी बोलता येत नाही. कोड उघडा असणं आणि पर्यायी सर्व्हर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ॲप निवडताना दोन्ही विचारा.

क्लासेसवाल्यांनी बिगब्लूबटन बघावं. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात खास ऑनलाइन शिकवण्यासाठीच ते तयार झालं, फळा वगैरे सगळं आत आहे. पण त्याला दणकट सर्व्हर लागतो. दहा मुलांच्या शिकवणीला एवढा खटाटोप कशाला? जित्सी पुरतं. जामी नावाचं एक आहे, त्यात मधला सर्व्हर आणि खातं सांभाळणारी कंपनी लागत नाही, कल्पना भारी आहे, पण गिऱ्हाईकाला शिकवत बसायला आपल्याकडे वेळ कुठे! एलिमेंट चांगलं आहे असं कुणी सांगेल. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणावरून १४ मेसेजिंग ॲप्सवर बंदी घातली, त्या यादीत एलिमेंट आणि ब्रायर ही दोन्ही ओपन सोर्स ॲप्स होती. मुद्दा असा की धंद्यासाठी काही निवडण्याआधी आपल्याकडे आज त्याची स्थिती काय आहे ते बघून घ्या.

आता माझ्या आवडीचा भाग. दुकान खाली, शिलाईचं युनिट वर, गोडाऊन मागे, आणि दिवसभर "अगं, तो क्रीमचा तागा आहे का" असे फोन चाललेत. इंटरकॉमची पेटी घ्यायला गेलं तर खर्च. १९९९ मध्ये अमेरिकेत मार्क स्पेन्सर नावाच्या विद्यार्थ्यापुढे हीच अडचण होती. लिनक्सची मदत पुरवणारी छोटी कंपनी त्याने काढली होती, फोन एक्सचेंज घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने ते सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच लिहून काढलं आणि कोड उघडा ठेवला. तेच ॲस्टेरिस्क. पुढे त्याचा धंदा लिनक्सची मदत सोडून याच एक्सचेंजवर उभा राहिला. आज जुन्या डेस्कटॉपवर ॲस्टेरिस्क टाकायचं, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये लिनफोन हे ओपन सोर्स ॲप घालायचं, आणि दुकानाच्या वायफायवर १०१, १०२ दाबून बोलायचं. रिचार्जचा संबंध नाही. कमांड बघून घाम फुटत असेल तर फ्रीपीबीएक्स घ्या, त्यात माउसने सगळं होतं. तरी पहिल्यांदा कुणीतरी जाणकार जवळ असू द्या.

आणि इथे मी आवाज चढवून सांगते. आपल्या जागेतल्या जागेत बोलणं ठीक. हे एक्सचेंज बाहेरच्या साध्या फोन नंबरांना जोडायचं असेल तर परवाना असलेल्या टेलिकॉम कंपनीकडूनच लाइन घ्यायची. कुणी येईल आणि सांगेल, "ही पेटी ठेवा, यात तीस सिम घाला, परदेशातले कॉल येतील, बसल्या जागी महिन्याला पैसे." त्याला सिम बॉक्स म्हणतात. तो गुन्हा आहे, अशा बेकायदा एक्सचेंजवर पोलिसांचे छापे पडतात, आणि पेटी ज्याच्या दुकानात सापडते त्याला उत्तर द्यावं लागतं. ॲस्टेरिस्कचा यात काही दोष नाही. पण गाळा भाड्याने देतानासुद्धा आत काय ठेवलंय ते बघा.

सॉफ्टवेअर निवडून झालं की छपाईकडे या. कार्डावर, पाटीवर, क्यूआर कोडमध्ये जित्सीची लिंक छापू नका. सिग्नलची नको, व्हॉट्सॲपचीही नको. स्वतःचं डोमेन घ्या आणि त्यावरचं एक पान छापा, समजा 'तुमचं नाव डॉट इन, पुढे कॉल'. ते पान उघडलं की गिऱ्हाईक आपोआप तुम्ही ठरवाल तिथे जाईल. आज जित्सी, उद्या दुसरं काही. आतली लिंक पाच मिनिटांत बदलते, बाहेर वाटलेली हजार कार्डं तशीच चालतात. स्काइप आयडीऐवजी असं पान छापलेलं असतं त्यांना ६ मे ची सकाळ जड गेली नसणार.

पण डोमेन खरंच तुमचं आहे ना? माझ्या बॅचमधल्या एका मसालेवाल्या ताईंचं नव्हतं. वेबसाइट करून देणाऱ्याने ते स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. दोन वर्षांनी रिन्यू करायची वेळ आली तेव्हा त्याने फोन उचलणं बंद केलं. पाकिटांवर छापलेला पत्ता गेला, चार हजार रिकामी पाकिटं रद्दीत गेली. ताईंनी नवीन डोमेन घेतलं, जुनी गिऱ्हाइकं वहीतल्या नंबरांवरून एकेक फोन करून परत जोडली. वही होती म्हणून जमलं. गिऱ्हाइकांची यादी ॲपच्या बाहेर, वहीत नाहीतर एक्सेलमध्ये, दर महिन्याला उतरवत जा.

तेव्हा डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, आणि पैसे तुमच्या खात्यातून. पुढे गिऱ्हाईक वाढलं आणि जित्सीचा स्वतःचा सर्व्हर करावासा वाटला, तर भाड्याचा छोटा लिनक्स सर्व्हर पुरतो. तो बसवून देणाऱ्याला काम देण्याआधी चार गोष्टी विचारा. सर्व्हरचं खातं कुणाच्या नावावर असेल? मुख्य पासवर्ड मला लिहून देणार का? अपडेट दर महिन्याला कोण करणार आणि त्याचे किती घेणार? आणि तुम्ही काम सोडलंत तर दुसऱ्याला समजेल असं कुठे लिहून ठेवलंय का? चौथ्या प्रश्नाला जो हसून टाळतो, त्याला चहा पाजा आणि दुसरा माणूस शोधा.