ग्योटिंगेनचे प्रायमेट केंद्र

जर्मन प्रायमेट केंद्र 1977 साली ग्योटिंगेन येथे स्थापन झाले. ऱ्हीसस, बबून, मार्मोसेट अशी हजाराहून अधिक माकडे तेथे कळपाने राहतात. जर्मनीतील इतर प्रयोगशाळांनाही येथून प्राणी मिळतात. प्रत्येकाचा जन्म, वंश आणि आजारपण नोंदलेले असते.

या नोंदींचे मोल मारबुर्ग शहरातल्या साथीने शिकवले. 1967 मध्ये पोलिओ लशीसाठी मूत्रपिंडाच्या पेशी हव्या होत्या, म्हणून युगांडातून हिरवी माकडे आणली गेली. त्यांच्यासोबत एक अज्ञात विषाणूही आला. मारबुर्ग, फ्रांकफुर्ट आणि बेलग्रेड येथे 31 जणांना लागण झाली, सात दगावले. रानातून पकडलेल्या प्राण्याच्या अंगात काय आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

संसर्गाच्या अभ्यासाला माकड लागते ते त्याची प्रतिकारयंत्रणा माणसाच्या फार जवळची असते म्हणून. तरीही हे साम्य पुरे नसते. एचआयव्ही ऱ्हीससच्या पेशीत टिकत नाही. ट्रिम-5-अल्फा हे प्रथिन त्याला अडवते. म्हणून एचआयव्हीऐवजी त्याचा माकडांतला भाऊबंद, एसआयव्ही, वापरतात. आफ्रिकेतील सूटी मँगाबी तो अंगात बाळगूनही सहसा आजारी पडत नाही, तर आशियातील ऱ्हीससला एड्ससारखा रोग होतो. एकाच विषाणूपुढे दोन माकडांची ही दोन रूपे एचआयव्हीच्या संशोधनात फार मोलाची ठरली.

केंद्राचा सर्वांत गाजलेला शोध मात्र माकडांवर लागलेला नाही. मार्कुस हॉफमान आणि श्टेफान प्योलमान यांच्या गटाने 2020 मध्ये पेशींवर प्रयोग करून दाखवले, की कोविडचा विषाणू पेशीवरील एसीई-2 या प्रथिनाला चिकटतो आणि टीएमपीआरएसएस-2 या विकराच्या मदतीने आत शिरतो. कॅमोस्टॅट या औषधाने ही वाट पेशींत अडली. रुग्णांवरील चाचण्यांत ठोस लाभ दिसला नाही. पेशीत जमते ते शरीरात जमेलच असे नाही, म्हणूनच प्राण्यांवरील प्रयोग आजही पूर्णपणे टाळता येत नाहीत.

त्या गरजेला कायद्याची वेसण आहे आणि ती हवीच. 2002 पासून प्राणिरक्षण जर्मन राज्यघटनेत आहे. प्रयोगाला परवानगी लागते, आणि दुसरा मार्ग नाही हे आधी पटवून द्यावे लागते.

नोंदी ठेवून वाढवलेली माकडे हाताशी नसली, की रानाकडेच वळावे लागते. 2020 मध्ये कोव्हॅक्सिन या कोविडच्या लशीच्या चाचणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला वीस ऱ्हीसस हवे होते. ती माकडे नागपूरकडच्या जंगलातून पकडून आणावी लागली.