शिक्षा घरालाच होती: सोव्हिएत दडपशाहीविषयीचे काही गैरसमज

सोव्हिएत काळातल्या दडपशाहीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, ‘ती पुढाऱ्यांची आपसातली लढाई होती.’ दुसरं, ‘काय करणार, सुक्याबरोबर ओलंही जळतं.’ ही वाक्यं बोलणारी माणसं दुष्ट नसतात. मराठी वाचकाची रशियाशी जुनी मैत्री आहे. स्वस्त, देखण्या छपाईची सोव्हिएत पुस्तकं कित्येक घरांत होती. अण्णा भाऊ साठ्यांचं ‘माझा रशियाचा प्रवास’ आजही वाचलं जातं. त्या पुस्तकांतल्या शाळा, बागा, कारखाने खरेच होते. पण त्याच शहरांतल्या साध्या घरांवर काय गुदरलं, ते या वाटेने आपल्यापर्यंत पोचलं नाही. म्हणून त्या दोन वाक्यांपासूनच सुरुवात करू.

‘बळी गेले ते पुढारी आणि लेखक’

१९३६ ते १९३८ या काळात मॉस्कोत जुन्या क्रांतिकारकांवर गाजावाजा करून खटले चालले. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते छापले, त्यामुळे तेच लक्षात राहिले. पण खरी कत्तल झाली ती गुप्त आदेशांखाली. गृहखात्याचा प्रमुख येझोव्ह याने ३० जुलै १९३७ रोजी काढलेल्या ००४४७ क्रमांकाच्या आदेशात प्रांतवार कोटा ठरवून दिला होता. किती जणांना गोळी घालायची आणि किती जणांना सक्तमजुरीच्या छावणीत धाडायचं, हे आधी लिहिलेलं होतं. माणसं मागाहून शोधायची होती. गोळी घालायच्यांचा सुरुवातीचा आकडा ७५,९५० होता. प्रांतांनी वाढीव कोटा मागितला, वरून तो मंजूर होत गेला आणि या एका आदेशाखाली साडेतीन लाखांहून जास्त लोक मारले गेले. यात जमिनीवरून उठवलेले शेतकरी होते, धर्मगुरू होते, पूर्वी तुरुंगात जाऊन आलेले होते, कारखान्यातले कामगार होते. निकाल द्यायला तिघांची समिती असे. आरोपी तिच्यासमोर उभाही राहत नसे, मग वकिलाचं तर नावच नको.

मॉस्कोच्या वेशीवर बुतोवो नावाची जागा आहे. तिथे ऑगस्ट १९३७ ते ऑक्टोबर १९३८ या काळात गोळ्या घातलेल्या २०,७६२ जणांची नावं आता कळली आहेत. ती यादी वाचताना प्रसिद्ध माणसं फार थोडी भेटतात. पानंच्या पानं सुतार, गवंडी, गाडीवान, कारकून अशी भरलेली आहेत.

‘आकडे कोटींचे, की सगळाच पाश्चात्त्य प्रचार?’

दोन्ही टोकं चूक. कोट्यवधी लोकांना गोळ्या घातल्या, असं कुणी म्हटलं तर ते कागदपत्रांत बसत नाही. सोव्हिएत खात्याच्याच नोंदीनुसार १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत राजकीय गुन्ह्यांखाली ६,८१,६९२ जणांना देहदंड झाला. छावण्या आणि श्रमवसाहतींतून १९३० ते १९५३ या काळात सुमारे १ कोटी ८० लाख लोक गेले. १९३० आणि १९३१ या दोन वर्षांत ‘कुलाक’, म्हणजे सधन शेतकरी, ठरवून साधारण १८ लाख माणसं हद्दपार झाली, तीही कुटुंबंच्या कुटुंबं, तान्ह्या मुलांसकट. हे आकडे त्यांच्याच दप्तरातले आहेत. ते फुगवायची गरज नाही आणि झाकायचीही सोय नाही.

‘घरच्यांना झळ बसली, पण ती ओघाने’

मला सगळ्यात जास्त खुपतो तो हा गैरसमज. स्टालिनने डिसेंबर १९३५मध्ये एका सभेत सांगितलं होतं, की बापाच्या गुन्ह्याचा जाब मुलाला विचारायचा नसतो. ते वाक्य देशभर गाजलं. त्यानंतर दोन वर्षं उलटायच्या आत, १५ ऑगस्ट १९३७ रोजी, ००४८६ क्रमांकाचा आदेश निघाला. ‘देशद्रोही’ ठरलेल्याच्या बायकोला पाच ते आठ वर्षं छावणी. अंगावर पिणारं मूल आईबरोबर छावणीत, ते वर्ष-दीड वर्षाचं झालं की सरकारी बालगृहात. मोठी मुलं दूरच्या गावांतल्या अनाथाश्रमांत. मॉस्को, लेनिनग्राड, कीव्ह यांसारख्या शहरांत त्यांना ठेवायचं नाही. नात्यातली किंवा ओळखीची मुलं एका आश्रमात येऊ द्यायची नाहीत. पंधरा वर्षांवरच्या मुलांचं काय करायचं, ते मुलगा किंवा मुलगी किती ‘धोकादायक’ आहे ते पाहून ठरवायचं. नवऱ्याविरुद्ध जिने आधीच माहिती दिली असेल तिला सूट. ही सुक्याबरोबर ओलं जळण्याची गोष्ट नाही. बायकामुलांचं काय करायचं, ते कलमवार लिहून ठेवलेलं होतं.

हा आदेश एका घरात कसा उतरला ते पाहू. माया प्लिसेत्स्काया पुढे बोल्शॉय नाट्यगृहाची सर्वश्रेष्ठ बॅले नर्तिका झाली. तिचे वडील कोळसा खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांना जानेवारी १९३८मध्ये गोळी घातली गेली. मार्चमध्ये आईला, राखिल मेस्सेरर यांना, उचललं. कडेवर काही महिन्यांचा मुलगा होता, तो आईबरोबरच गेला. बारा वर्षांची माया आणि तिचा धाकटा भाऊ अनाथाश्रमात जाणार होते, पण मावशीने मायाला आपल्या घरी नेलं आणि मामाने भावाला. नाव ‘देशद्रोह्या’शी जोडलं गेलेलं असताना कुणाची मुलं घरात घेणं म्हणजे आपल्या नोकरीवर आणि मुक्ततेवर पाणी सोडायची तयारी ठेवणं. अशा मावश्या-मामा, आज्या आणि शेजारणी त्या काळात हजारोंनी होत्या. त्यांच्याबद्दल मला अपार आदर वाटतो. पुढे हीच माया देशोदेशी सोव्हिएत कलेची शान म्हणून मिरवली गेली.

राखिल पोचल्या त्या कझाकस्तानातल्या अक्मोलिन्स्कजवळच्या छावणीत. तिथे बहुतेक सगळ्या जणी कुणाच्या तरी बायका म्हणूनच आल्या होत्या. स्टेपच्या, म्हणजे उघड्या गवताळ माळावरच्या, थंडीत तळ्यावरचे बोरू कापून आणायचे, ते जाळून बराकी उबदार ठेवायच्या, आणि शिवणखान्यात कापड शिवायचं. तिथल्या एका कैदी स्त्रीने पुढे सांगितलेली हकिकत आहे. बायका तळ्यावर बोरू कापत असताना गावातले म्हातारे आणि पोरं त्यांच्या दिशेने पांढरे खडे भिरकावू लागले. पहारेकरी हसले. म्हणाले, बघा, इथल्या लोकांनाही तुम्ही नको आहात. एक बाई त्या खड्यांवर अडखळून पडली. नाकाजवळ आलेल्या खड्याला दुधाचा वास येत होता. ते ‘कुर्त’ होतं, म्हणजे दह्याच्या चक्क्यात मीठ घालून वाळवलेले गोळे.

‘निदान काय झालं ते तरी कळत असेल’

कळत नसे. तुरुंगाच्या खिडकीशी रांगेत उभं राहायचं आणि पैसे पुढे सरकवायचे. घेतले तर माणूस अजून तिथे आहे, एवढीच बातमी. कवयित्री आन्ना अख्मातोवा मुलासाठी लेनिनग्राडच्या अशा रांगांत सतरा महिने उभी राहिली. तिच्याच शहरातल्या लिडिया चुकोव्स्काया या लेखिकेचे पती मात्वेई ब्रोनश्टाइन भौतिकशास्त्रज्ञ होते. हेलियमच्या शोधावर त्यांनी मुलांसाठी फार गोड पुस्तक लिहिलं होतं. ऑगस्ट १९३७मध्ये त्यांना अटक झाली. लिडियांना सांगण्यात आलं, दहा वर्षांची शिक्षा, पत्रव्यवहाराची मुभा नाही. प्रत्यक्षात १८ फेब्रुवारी १९३८ रोजी त्यांना गोळी घातली गेली होती. तेव्हा ते ३१ वर्षांचे होते.

‘दहा वर्षं, पत्रव्यवहाराची मुभा नाही’ हे उत्तर लाखो घरांना मिळालं. १९४०च्या दशकाच्या मध्यावर ती दहा वर्षं भरत आली, तेव्हा ‘छावणीत आजाराने वारले’ असं सांगायला सुरुवात झाली. स्टालिन गेल्यावर सत्य बाहेर येईल असं वाटावं, तर १९५५मध्ये खोटी तारीख आणि खोटं कारण घातलेले मृत्यूदाखले देण्याची लेखी सूचना निघाली. न्यूमोनिया, हृदयविकार, वर्ष बहुधा युद्धातलं. गोळी घालून मारल्याचं खरं कारण दाखल्यावर येऊ लागलं ते १९८०च्या दशकाच्या अखेरीस. तोवर कितीतरी बायका वाट पाहतच गेल्या.

हा अंधार आपल्याही एका घरावर पडला होता. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय लेनिनग्राडच्या मानववंशशास्त्र संस्थेत काम करत. जुलै १९३७मध्ये त्यांना पकडलं आणि २ सप्टेंबरला गोळी घातली. भारतात अनेक वर्षं त्यांच्या मृत्यूच्या वेगवेगळ्या, चुकीच्या तारखा छापल्या जात राहिल्या.

‘घरातलेच लोक एकमेकांना पकडून देत’

बापाविरुद्ध साक्ष देणाऱ्या पावलिक मोरोझोव्ह या मुलाचे पुतळे उभारले गेले, म्हणून हा समज पक्का झाला. तसं करणारी मुलं होती, वर्तमानपत्रात आईबापांशी नातं तोडल्याची निवेदनं देणारीही होती. त्यांतली बरीचशी शाळेत किंवा नोकरीत टिकून राहावं म्हणून दिलेली असत. पण एवढ्या अटका चुगल्यांवर भागत नाहीत. कोटा, जुन्या याद्या आणि मारहाण करून वदवलेली नावं यांवर त्या चालत. घरांनी बहुधा उलटंच केलं: फोटोतला चेहरा कातरीने कापला, पण फोटो टाकला नाही.

‘स्टालिन गेला, सगळं संपलं’

मार्च १९५३च्या माफीने सुमारे १२ लाख कैदी सुटले, पण मुख्यतः गुन्हेगार आणि कमी मुदतीचे. राजकीय कैद्यांपैकी पाच वर्षांपर्यंतची शिक्षा असलेलेच त्यात बसले, बाकीचे पुढच्या तीन वर्षांत हळूहळू आले. आल्यावरही अनेकांना मॉस्कोपासून शंभर किलोमीटरच्या आत राहायची परवानगी नव्हती.

हद्दपारीने गेलेलं घर परत मिळवण्याचा हक्क रशियाच्या १९९१च्या कायद्याने दिला. पुढे अंमलबजावणी प्रांतांकडे गेली, आणि मॉस्कोने अट घातली की अर्जदार आधीच दहा वर्षं मॉस्कोत राहत असला पाहिजे. ज्यांना मॉस्कोतूनच उठवलं होतं, त्यांच्या मुलांसाठी ही अट! अशा तीन वृद्ध मुलींनी रशियाच्या घटना न्यायालयात दाद मागितली आणि १० डिसेंबर २०१९ रोजी त्या जिंकल्या. त्यानंतर सरकारने आणलेल्या विधेयकात त्यांना सरकारी घरांच्या सर्वसाधारण प्रतीक्षायादीत नाव घालायला सांगितलं होतं. त्या यादीत नंबर लागायला वीस-तीस वर्षं लागतात, आणि या तिघी तेव्हा सत्तरीला टेकल्या होत्या.