पत्ता न लिहिलेला फोटो

कोकणातल्या हेदवीच्या किनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळाजवळ, काळ्या कातळात एक लांब अरुंद भेग आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीची लाट त्या भेगेत शिरते, पुढे जायला वाट उरत नाही, मागून दुसरी लाट रेटत असते. मग सगळं पाणी वर सुटतं आणि माणसांच्या डोक्यावरून कितीतरी उंच फवारा उडतो. दशभुज लक्ष्मीगणेशाचं दर्शन घेऊन आलेली मंडळी फोन सरसावून त्याचीच वाट बघत उभी असतात. फवारा उठतो आणि एकाच वेळी अनेक बोटं बटण दाबतात.

त्या बटणामागे जे घडतं त्याचं मला फवाऱ्याइतकंच नवल वाटतं.

कॅमेऱ्यातली 'लोकेशन'ची सोय चालू असेल तर फोटोबरोबर आणखी एक नोंद होते. ती फोटोत दिसत नाही. तिच्यात तारीख असते, सेकंदापर्यंतची वेळ असते, फोनचं मॉडेल असतं आणि दोन आकडे असतात: अक्षांश आणि रेखांश. हेदवीला काढलेल्या फोटोत पहिला आकडा १७ च्या पुढचा असतो, दुसरा ७३ च्या पुढचा, आणि दोन्हींना दशांशाची लांब शेपूट असते. सगळी गंमत त्या शेपटीत आहे. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांशचिन्हानंतरचा दुसरा आकडा एकाने बदलला तर जागा किलोमीटरभर सरकते, पाचवा बदलला तर जेमतेम एक मीटर. उघड्या आकाशाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरच्या आत आपली जागा ओळखतो. म्हणजे हा माणूस हेदवीला होता एवढ्यावर ती नोंद थांबत नाही. तो घळीपाशी उभा होता की देवळाच्या अंगणात, हेही तिच्यावरून कळतं.

हे आकडे येतात कुठून? जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांकडून. प्रत्येक उपग्रह सतत एवढंच सांगत असतो की मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले. तो निरोप खाली पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किमान चार उपग्रहांचे निरोप किती उशिरा आले हे ताडून फोन स्वतःची जागा काढतो. पण आइन्स्टाइनने दाखवल्याप्रमाणे वेळ सगळीकडे सारख्या गतीने जात नाही. उपग्रहाच्या वेगामुळे त्याचं घड्याळ किंचित मागे पडतं, आणि वर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे त्याहून जास्त पुढे पळतं. दोन्हींची गोळाबेरीज केली तर ते दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. एका मायक्रोसेकंदात प्रकाश ३०० मीटर जातो, तेव्हा ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात चूक अकरा किलोमीटरच्या वर जाईल, आणि बामणघळीचा फोटो शेजारच्या वेळणेश्वर गावाच्याही पलीकडे जाऊन पडेल. ती दुरुस्ती या यंत्रणेत आधीच करून ठेवलेली आहे. सापेक्षतेचा सिद्धान्त असा रोज आपल्या खिशात काम करत असतो.

फोटोच्या पोटात अशी माहिती ठेवण्याची 'एक्झिफ' ही पद्धत जपानमध्ये १९९५ साली ठरली. उद्देश साधा आणि चांगला होता: कोणता फोटो कधी काढला, किती उजेडात काढला, हे छायाचित्रकाराला आठवत बसावं लागू नये. त्या नोंदीचा एक परिणाम २०१२ च्या डिसेंबरात जगाने पाहिला. संगणकातले विषाणू पकडणाऱ्या प्रणालीमुळे प्रसिद्ध झालेले जॉन मॅकॅफी तेव्हा मध्य अमेरिकेत पोलिसांना चुकवत फिरत होते. त्यांना भेटलेल्या एका मासिकाच्या लोकांनी त्यांच्यासोबतचा फोटो मोठ्या अभिमानाने प्रसिद्ध केला. फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते. मॅकॅफी ग्वाटेमालात आहेत हे उघड व्हायला वेळ लागला नाही.

आता बरेच लोक म्हणतील, मग ती नोंद पुसून टाकली की झालं. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर ती पुसलीही जाते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला किंवा ईमेलला जोडला तर मात्र ती बहुधा तशीच जाते. पुसणं सोपं आहे आणि पुसावंच. पण खरी थक्क करणारी गोष्ट त्याच्या पुढे आहे.

नोंद पुसलेला, पाटी नसलेला, माणूसही नसलेला एक फोटो घ्या. एक वळणाचा रस्ता, कडेला तांबड्या चिऱ्यांचा गडगा, मागे कौलारू छप्पर, दोन माडांचे शेंडे. एवढ्यावरून जागा ओळखता येईल का? गुहागर आगारात वर्षानुवर्षं काढलेला एसटीचा वाहक डोळे किलकिले करून बाहेर बघतो आणि कोणतं गाव आलं ते सांगतो, कशावरून ते मात्र त्यालाही धड सांगता येत नाही. यंत्राला नेमकं हेच शिकवलं गेलं, फक्त साऱ्या पृथ्वीसाठी.

२०१६ साली गूगलच्या संशोधकांनी 'प्लॅनेट' नावाची प्रणाली मांडली. त्यांनी पृथ्वीचा पृष्ठभाग २६,००० हून अधिक चौकटींत वाटला. जिथे फोटो भरपूर निघतात तिथे चौकटी लहान, जिथे कमी तिथे मोठ्या. यंत्राला सुमारे ९ कोटी फोटो दाखवले आणि प्रत्येक फोटो कोणत्या चौकटीतला ते सांगितलं. माड म्हणजे काय, कौल म्हणजे काय, हे कुणी समजावलं नाही. कोणते रंग, कोणत्या कडा, कोणती पानं कुठे एकत्र येतात याची संगती यंत्राने स्वतः लावली. शिकून झाल्यावर ते सगळं ज्ञान ३७७ मेगाबाइटमध्ये मावलं, म्हणजे आजच्या कुठल्याही साध्या फोनमध्ये. तेव्हा ते फार अचूक नव्हतं. दहापैकी एका फोटोचं शहर आणि चारपैकी एकाहून थोड्या जास्त फोटोंचा देश त्याला ओळखता येई. पुढे २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी 'पिजन' नावाची प्रणाली केली. एखाद्या ठिकाणची चारही दिशांची चित्रं मिळाली की तिच्या निम्म्या अंदाजांतली चूक सुमारे ४४ किलोमीटरच्या आत राहू लागली. चित्रावरून जागा ओळखण्याच्या खेळात जगभर नावाजलेल्या खेळाडूलाही तिने हरवलं. तिचा गैरवापर होईल या भीतीने त्या विद्यार्थ्यांनी ती सर्वांसाठी खुली केली नाही, याबद्दल मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. पण अशी ताकद फार काळ कुणा एकाच्या हातात राहत नाही. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीचं नवं रूप आलं, तेव्हा लोक त्याला कुठल्याशा भिंतीचा नाहीतर उपाहारगृहातल्या मेनूकार्डाचा फोटो देऊन 'ओळख मी कुठे आहे' असा खेळ हौसेने खेळत होते.

यंत्र जे वाचतं ते लिहिलं कुणी, याचा विचार केला की मला कोकणातला साधा गडगाही वेगळा दिसायला लागतो. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या काळ्या दगडावर लाखो वर्षं धो धो पाऊस पडला, त्यातली सिलिका आणि विरघळणारी द्रव्यं वाहून गेली, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. तोच जांभा. लोहामुळे तांबडा, ताजा असताना कापायला सोपा, उघड्यावर राहिला की कठीण. म्हणून त्याचे चिरे काढले, चिऱ्यांचे गडगे आणि घरं झाली. म्हणजे गडग्याचा रंग हा पावसाने लिहिलेला पत्ता आहे. अर्थात तसाच दगड गोव्यात आणि केरळातही आहे. तिथे यंत्र छपराची ठेवण, विजेचे खांब, आणि कुठे एखादं अक्षर दिसलं तर लिपी बघतं. माणूस याच्या जोडीला सावलीही वाचू शकतो. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे हेदवीत सूर्य वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला, बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशी मिटते. दिल्लीत हे कधीच होत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. 'प्लॅनेट'ला ज्या कोट्यवधी फोटोंनी शिकवलं, त्यांची जागा यंत्राला कळली ती त्यांच्या पोटातल्या अक्षांश-रेखांशांवरून. ते फोटो लोकांनी स्वतः, अनेकांनी नकळत, जालावर ठेवले होते. ज्यांनी नोंद ठेवली त्यांच्या फोटोंवरून यंत्र शिकलं आणि ज्यांनी नोंद पुसली त्यांचे फोटो ओळखू लागलं. म्हणून 'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मी काहीही टाकेन' हा युक्तिवाद मला पटत नाही. जे आपण टाकतो त्याने शेजाऱ्याचंही दार थोडं उघडतं.

नव्या यंत्रापुढे लोक दचकले हे काही आज घडलेलं नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार. एकीकडे अशी हौस होती, आणि दुसरीकडे फोटो काढला की आयुष्य कमी होतं ही समजूत घराघरांत होती. ती पुढे कित्येक पिढ्या टिकली. त्या समजुतीला हसावंसं मला वाटत नाही. तिचं कारण चुकीचं होतं. पण आपल्यातलं काहीतरी आपल्याला न विचारता दुसऱ्याच्या हाती जातं आहे, ही जाणीव अगदी बरोबर होती. अमेरिकेत १८९० साली वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर जो गाजलेला लेख लिहिला, त्यामागेही हातात मावणारे नवे कॅमेरे आणि त्यांनी काढलेली चित्रं छापणारी वर्तमानपत्रं यांचीच धास्ती होती.

आपल्याकडे हा प्रश्न न्यायालयात निकराला आला तो आधारमुळे. आधारची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत झाली. पुढे त्याला आव्हान देणाऱ्या खटल्यात, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि जगण्याच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच तो सामावलेला आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. त्या कायद्यातली एक तरतूद मात्र प्रत्येकाला ठाऊक हवी: माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेली वैयक्तिक माहिती त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. आपण होऊन जगापुढे मांडलेल्या फोटोच्या मागे तो कायदा उभा राहत नाही.

कोकणात याचा अर्थ फार जवळचा आहे. इथली कितीतरी घरं वर्षातला बराच काळ बंद असतात. चाकरमानी गणपतीला येतात, पडवीत सगळं कुटुंब बसतं, फोटो निघतात. मखर, जुनी पितळी समई, मागचं दार, परसातली विहीर, सगळं त्यात येतं. पंधरा दिवसांनी त्याच माणसाचा मुंबईतला फोटो येतो. एका फोटोवरून घर कुठे आहे ते कळलं, दुसऱ्यावरून त्या घरात आता कुणी नाही हेही कळलं. दोन्ही फोटो निष्पाप असतात. त्यांची सांगड घालणं पूर्वी कष्टाचं होतं, आता ते काम यंत्र क्षणात करतं.

तरीही फोटो काढूच नयेत असं मी म्हणणार नाही. जागेची नोंद असलेले फोटो ही मोलाची ठेव आहे. कोणत्या सड्यावर कोणतं फूल कधी फुललं, किनारा किती सरकला, आजोबांनी लावलेला आंबा नेमका कुठे होता, हे पन्नास वर्षांनी त्यांवरूनच सांगता येईल. ती नोंद आपल्या घरात राहू द्यावी. बाहेर जाणाऱ्या फोटोचा विचार वेगळा करावा.

बामणघळीला जरूर जा, भरतीची वेळ विचारून जा आणि कातळाच्या कडेपासून लांब उभे राहा. जाण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याला जागेची परवानगी दिली आहे का ते बघा. फोटो टाकायचाच असेल तर घरी परतल्यावर टाका. आणि फोटोत दुसऱ्याचं घर किंवा दुसऱ्याचं मूल असेल तर आधी त्यांना विचारा.